एस्केपचं बटण इतकं लांब का?

व्हिममध्ये काम करणाऱ्याची डावी करंगळी दिवसभर कीबोर्डच्या कोपऱ्याकडे धावत असते. दोन शब्द लिहिले, एस्केप. एक ओळ पुसली, तिच्या जागी दुसरी लिहिली, पुन्हा एस्केप. व्हिममध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी आणि हुकूम सोडण्याची वेगळी. एकीतून दुसरीत यायचा दरवाजा म्हणजे हे बटण. इतकं लागणारं बटण इतक्या लांब ठेवायचं कोणाला सुचलं असेल?

कोणालाच नाही. १९७६ च्या सुमारास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी ‘व्हीआय’ हा एडिटर घडवत होता. व्हिमचा हा पूर्वज. जॉयच्या पुढ्यात होतं लिअर सीगलर कंपनीचं एडीएम-३ए हे टर्मिनल आणि त्यावर एस्केप होतं क्यूच्या डाव्या हाताला, आज जिथे टॅब बसतो तिथे. करंगळी जराशी सरकवली की काम झालं. पुढे ती यंत्रं गेली, कीबोर्डची मांडणी बदलली, एस्केप वरच्या कोपऱ्यात गेलं. एडिटर मात्र जुन्या घराचाच पत्ता सांगत राहिला.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं, ना मेनू ना चित्रं. लांबच्या सर्व्हरवरची एखादी फाइल दुरुस्त करायची तर बहुतेकदा अशाच एडिटरमध्ये शिरावं लागतं. व्हिम, नॅनो, ईमॅक्स ही त्यातली ठळक नावं. पहिल्या भेटीत यातला प्रत्येक जण जरा विचित्र वागतो. पण त्या विचित्रपणाच्या मागे कोणाचं तरी टर्मिनल असतं, कोणाचा तरी मोडेम, कोणाची तरी घाई. आणि त्यातलं जवळजवळ सगळं एकेका ओळीने बदलता येतं. या ओळी टंकायच्या रोमन लिपीत. इथे वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत.

बाण आणि नागमोडी रेघ

त्याच एडीएम-३ए वर एच, जे, के आणि एल या चार बटणांवर बाण छापलेले होते: डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. बाणांची वेगळी बटणं नव्हतीच. म्हणून आजही व्हिममध्ये कर्सर या चार अक्षरांनी हलतो आणि नवशिक्यांना वाटतं की हे कुठल्या तरी गूढ शास्त्रातून आलं असावं.

दुसरी गंमत याहून मोठी आहे. युनिक्समध्ये आणि लिनक्समध्ये स्वतःच्या घरच्या फोल्डरची खूण ‘~’ ही नागमोडी रेघ असते. का? त्या कीबोर्डवर ‘होम’ हा शब्द आणि ही रेघ एकाच बटणावर होती, म्हणून. जगभरातले प्रोग्रॅमर आज हातातल्या लॅपटॉपवर ही रेघ टंकतात तेव्हा ते पन्नास वर्षांपूर्वीचं एक बटण दाबत असतात.

आता करंगळीवर उपाय. कॅप्स लॉक या बटणाचा तसाही फारसा उपयोग नसतो. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यालाच एस्केप करून टाकायचं. दुसरा उपाय व्हिमच्या सेटिंग फाइलमध्ये एक ओळ लिहून: लिहिता लिहिता ‘जे’ आणि ‘के’ पटकन एकामागोमाग दाबले की तो एस्केप समजायचा. इंग्रजीत ही जोडी शब्दांत जवळजवळ येतच नाही. तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यासाठी काहीच बदलावं लागत नाही: कंट्रोल आणि चौकोनी कंस ‘[’ एकत्र दाबा. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की कोष्टकात ‘[’ चा क्रमांक ९१. कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा होतात. उरले २७, आणि २७ म्हणजेच एस्केप. जुन्या टर्मिनलांचं हे गणित आजच्या यंत्रावरही चोख चालतं.

सेकंदाला ३० अक्षरं

व्हीआयचे हुकूम इतके तुटक का? ओळ उडवायला ‘डीडी’, शब्द बदलायला ‘सीडब्ल्यू’, चूक मागे घ्यायला नुसता ‘यू’. बिल जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं, असा अख्खा पडदा नव्याने रंगवायचा तर मिनिटाहून जास्त वेळ. अशा वेळी प्रत्येक अक्षर मोलाचं. म्हणून हुकूम छोटे, आणि पडद्यावर उत्तरही कमीत कमी.

मूळ व्हीआयमध्ये तर डिफॉल्ट सेटिंगच मोडेम पाहून ठरायचं. जोडणी मंद असेल तर मजकुराच्या फक्त ८ ओळी दिसत, १२०० बॉड असेल तर १६, त्याहून जलद असेल तर पूर्ण पडदा. प्रत्येक वेगासाठी वेगळं सेटिंगही होतं: ‘डब्ल्यू३००’, ‘डब्ल्यू१२००’ आणि ‘डब्ल्यू९६००’.

त्याआधीचा ‘ईडी’ याहून मितभाषी. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये तो लिहिला तेव्हा पडदाच नव्हता. टेलिटाइप यंत्र कागदावर अक्षरं ठोकत जायचं. चूक झाली की ईडी एकच चिन्ह छापतो: ‘?’. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. ईडी आजही लिनक्सवर मिळतो आणि त्यालाही बोलतं करता येतं. मोठा ‘एच’ टंकून एंटर दाबा. तिथून पुढे प्रश्नचिन्हाबरोबर कारणही सांगतो. आणि ‘ग्रेप’ हा शोध घेणारा प्रसिद्ध हुकूम आहे ना, त्याचं नावही ईडीच्याच एका आज्ञेतून आलं. ‘सगळीकडे शोध, हा नमुना सापडला की ती ओळ छाप’ असं ईडीला सांगायचं तर जी, मग दोन तिरक्या रेघांच्या मध्ये नमुना, मग पी असं लिहावं लागे. नमुन्याच्या जागी ‘आरई’ ठेवा, तिरक्या रेघा काढा, झालं ग्रेप.

टिंबाने दडवलेली फाइल

एडिटरची आवडनिवड ज्या फाइलमध्ये लिहितात तिच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं: डॉट-व्हिमआरसी, डॉट-नॅनोआरसी, डॉट-ईमॅक्स. टिंबामुळे ती फाइल यादीत दिसत नाही. हा शहाणपणाने आखलेला नियम असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. बेल लॅब्जमधले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये खरी हकिकत सांगितली. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी आल्या. यादीत त्या नकोत, म्हणून कोणीतरी सोपा मार्ग काढला: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ती नोंद वगळ. पूर्ण नाव तपासायच्या ऐवजी एकच अक्षर तपासलं. त्या आडवाटेने टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल अदृश्य झाली आणि लोकांनी तिथे आपली सेटिंगं ठेवायला सुरुवात केली.

शेवटचं ‘आरसी’ तर आणखी जुनं. १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये लुई पूझां यांनी ‘रनकॉम’ नावाची सोय केली होती. फाइलमध्ये लिहून ठेवलेले हुकूम एकामागोमाग चालवायची. रनकॉमचं झालं आरसी. ते ज्या यंत्रणेवर चालायचं ती केव्हाच बंद पडली, पण ही दोन अक्षरं आजही लाखो फाइलींच्या शेपटाला आहेत.

रिकामी फाइल केली आणि रंग गेले

हा अनुभव व्हिमच्या अनेक नव्या वापरकर्त्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतो आणि त्याचं कारण फार थोडे जण शोधतात. नवं व्हिम उघडलं तर प्रोग्रॅम रंगीत दिसतो, शोधताना सापडलेला शब्द लगेच उजळतो, कर्सर खाली नेला की पाच ओळी आधीच पडदा सरकू लागतो. सगळं छान. मग आपण हौसेने स्वतःची डॉट-व्हिमआरसी तयार करतो. एकच ओळ लिहितो, ‘सेट नंबर’, म्हणजे डावीकडे ओळींचे आकडे दिसावेत. पुन्हा उघडतो. आकडे आले, पण रंग गेले!

कारण असं. २०१६ मध्ये व्हिम ८ आलं तेव्हा नवशिक्यांसाठी बरी सेटिंगं एका वेगळ्या फाइलमध्ये घातली गेली. तिचं नाव डिफॉल्ट्स-डॉट-व्हिम. पण ती वाचली जाते फक्त तुमची स्वतःची फाइल नसेल तेव्हाच. तुमची फाइल दिसली की व्हिम समजतं, या माणसाला आपलं काय हवं ते कळतं, आता आपण मध्ये पडायचं नाही. विचार चांगला आहे. फक्त तो कोणी आधी सांगत नाही. उपाय एका ओळीचा: आपल्या फाइलच्या अगदी वर ‘सोर्स’ हा हुकूम लिहून त्या डिफॉल्ट्स फाइलचा पत्ता द्यायचा, मग त्याखाली आपले बदल.

याच्या उलटा एक प्रकार. अनेकांच्या फाइलमध्ये पहिलीच ओळ असते ‘सेट नोकंपॅटिबल’, म्हणजे जुन्या व्हीआयसारखं वागू नकोस. तिची मुळात गरज नाही. घरच्या फोल्डरमध्ये तुमची डॉट-व्हिमआरसी सापडली की व्हिम ते आपणहून करतं. एकाने लिहिली, दुसऱ्याने उतरवली, असं करत ती ओळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

म्हणूनच दुसऱ्याची पाचशे ओळींची फाइल उचलून आणणं मला पटत नाही. रोजच्या कामात एखादी गोष्ट खुपली की त्या दिवशी एक ओळ लिहावी आणि तिच्या वर कारण लिहून ठेवावं. व्हिमच्या फाइलमध्ये टीप लिहायची तर ओळीच्या सुरुवातीला दुहेरी अवतरणचिन्ह, नॅनोमध्ये हॅश. माझ्या फाइलमधल्या टिपा मराठीत आहेत. एक सेटिंग कशाला केलं होतं ते सहा वर्षांनी उघडल्यावर लगेच कळतं, आणि कारण उरलं नसेल तर ओळ काढूनही टाकता येते.

कुठल्या सेटिंगने घोटाळा केला ते शोधायचं असेल तर व्हिमला विचारा: ‘वर्बोज सेट टॅबस्टॉप’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. किंमत किती आहे ते सांगेलच, वर ती शेवटी कुठल्या फाइलने बदलली तेही दाखवेल. नावापुढे ‘&’ लावलं की सेटिंग मूळपदावर. नुसतं ‘सेट’ लिहिलं तर डिफॉल्टपेक्षा वेगळं जे काही आहे त्याची यादी.

वीज गेली तेव्हा

२००० नंतरच्या दशकातले लोडशेडिंगचे दिवस आठवा. आमच्या गावी वीज ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही. एका संध्याकाळी व्हिममध्ये लांबलचक मजकूर लिहिणं चालू होतं, मध्ये एकदाही जतन केलं नव्हतं, आणि पंखा, दिवा, संगणक सगळं एकदम थांबलं. काळोखात बसून पहिल्या वाक्यापासून मजकूर आठवायचा प्रयत्न केला. चार वाक्यांच्या पुढे गाडी जाईना.

वीज आल्यावर फाइल उघडली तर पडद्यावर मोठी सूचना: सावधान, या फाइलची स्वॅप फाइल सापडली आहे. खाली पर्याय होते, त्यातला ‘आर’ दाबला. सगळा मजकूर परत आला. गेलं ते फक्त शेवटचं अर्धं वाक्य.

हे घडतं दोन डिफॉल्ट सेटिंगांमुळे. ‘अपडेटकाउंट’ २०० असतं आणि ‘अपडेटटाइम’ ४०००. म्हणजे तुम्ही २०० अक्षरं टंकली की, किंवा टंकताना ४००० मिलिसेकंद, म्हणजे चार सेकंद थांबलात की, व्हिम तुमचा मजकूर एका लपलेल्या फाइलमध्ये उतरवून ठेवतं. अनेक जण फोल्डरमध्ये त्या ‘डॉट-एसडब्ल्यूपी’ फाइली नकोशा वाटतात म्हणून हे बंद करतात. मी कधीच करणार नाही. फोल्डर स्वच्छ हवं असेल तर ‘डायरेक्टरी’ या सेटिंगने त्या फाइली दुसरीकडे ठेवता येतात. सोबत ‘सेट अनडूफाइल’ ही ओळ जोडा. २०१० च्या व्हिम ७.३ पासून ही सोय आहे: फाइल बंद करून उद्या उघडलीत तरी कालच्या चुका ‘यू’ दाबून मागे घेता येतात. मूळ व्हीआयमध्ये ‘यू’ फक्त शेवटचा बदल उलटवायचा. दुसऱ्यांदा दाबलं तर उलटवलेलं पुन्हा सुलट.

बाहेर पडायचं कसं?

व्हिममधून बाहेर कसं पडावं हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर २०१२ मध्ये कोणीतरी विचारला. २०१७ पर्यंत तो दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. उत्तर सोपं आहे: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. बदल जतन न करता बाहेर. पण मुळात नको असताना माणूस आत शिरतो कसा? प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटसारखं एखादं साधन तुम्हाला ‘दोन ओळी लिहा’ म्हणतं आणि एडिटर उघडतं. कुठला उघडायचा हे तुम्ही सांगितलेलं नसलं की बऱ्याच ठिकाणी व्हीआयची पाळी येते. तुमची पसंती सांगायची जागा म्हणजे ‘एडिटर’ आणि ‘व्हिज्युअल’ ही दोन चलं. दोन का? एक कागदावर ओळीओळीने छापणाऱ्या टर्मिनलासाठी, दुसरं पडद्याच्या टर्मिनलासाठी. कागदाची टर्मिनलं गेली, चलं दोन्ही राहिली.

फेडोरा लिनक्सने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीत हा पेच सोडवला आणि डिफॉल्ट एडिटर म्हणून नॅनो बसवला. मी रोज व्हिम वापरतो तरी हा निर्णय मला योग्य वाटतो. नॅनोच्या तळाशी दोन ओळींत बाहेर पडायची बटणं लिहिलेलीच असतात.

पिकोच्या हजारपट

नॅनोचा जन्म परवान्याच्या भानगडीतून झाला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘पाइन’ या ईमेल प्रोग्रॅमबरोबर ‘पिको’ नावाचा छोटा एडिटर यायचा. लोकांचा लाडका, पण त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसेना. १९९९ मध्ये क्रिस अलेग्रेटा यांनी त्याच्यासारखाच नवा लिहिला आणि नाव ठेवलं ‘टिप’, म्हणजे ‘टिप म्हणजे पिको नव्हे’ याचं आद्याक्षरी रूप. पण ‘टिप’ नावाचं साधन युनिक्सवर आधीपासून होतं. जानेवारी २००० मध्ये नाव बदललं. मोजमापात पिकोच्या हजारपट मोठा असतो नॅनो. इतकं नेमकं नाव फार कमी प्रोग्रॅमना मिळालं असेल.

नॅनोला सेटिंगं नसतातच असा अनेकांचा समज आहे. उलट त्याची फाइल वाचायला सगळ्यांत सोपी. ‘सेट लाइननंबर्स’, ओळींचे आकडे. ‘सेट टॅबसाइझ ४’, कारण डिफॉल्ट ८ असतं. ‘सेट पोझिशनलॉग’, कालची फाइल उघडली की कर्सर काल जिथे होता तिथेच. मराठी गद्य लिहिणाऱ्यांसाठी ‘सेट सॉफ्टरॅप’ आणि ‘सेट ॲटब्लँक्स’ ही जोडी हवीच. नाहीतर लांब परिच्छेद पडद्याच्या उजव्या कडेला कापला जातो आणि तिथे ‘>’ अशी खूण तेवढी दिसते. या जोडीने तो खाली वळतो आणि शब्द मध्येच तुटत नाही. व्हिममध्ये शब्द सांभाळायचं हेच काम ‘सेट लाइनब्रेक’ करतं.

२०१९ पर्यंत नॅनो लांब ओळी आपणहून तोडून खरोखरच नव्या ओळी घालायचा. सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये एक लांब ओळ दुरुस्त करायला जावं आणि तिचे नकळत दोन तुकडे व्हावेत, असा तो प्रकार. चौथ्या आवृत्तीत हे डिफॉल्टच बंद केलं. आणि २०२४ च्या आठव्या आवृत्तीत ‘मॉडर्नबाइंडिंग्ज’ आलं: कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, कंट्रोल-झेड म्हणजे मागे, अगदी बाकी जगात असतं तसं.

आठ, चार आणि मेकफाइल

टॅब दाबला की किती घरं सरकायचं? लिनक्सच्या गाभ्याचं काम करणारे म्हणतात आठ. पायथॉनची शैली सांगणारा दस्तऐवज म्हणतो चार, आणि तीही टॅबने नकोत, मोकळ्या जागांनी भरा. म्हणून बरेच जण व्हिममध्ये ‘सेट एक्सपांडटॅब’ लिहितात. टॅब दाबला तरी फाइलमध्ये जागाच पडतात. सगळं सुरळीत चालतं, मेकफाइल उघडेपर्यंत.

मेकफाइल असते ‘मेक’ या प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनासाठी. ते स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यात हुकुमाची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. आठ मोकळ्या जागा दिसायला अगदी तशाच, पण चालत नाहीत. फेल्डमन यांना हे खटकायला लागलं तोवर मेकचे डझनभर वापरकर्ते झाले होते, बहुतेक मित्रच. त्यांची घडी विसकटायला नको म्हणून नियम तसाच राहिला. डझनभर मित्रांची ती सोय आज जगभरातले लोक सांभाळत आहेत. व्हिम याबाबतीत फार समजूतदार: फाइलप्रकार ओळखायची सोय चालू असेल तर मेकफाइलपुरतं ते ‘एक्सपांडटॅब’ आपणहून बंद करतं.

फाइलच तुम्हाला सेटिंग सांगते

व्हिममध्ये ‘मोडलाइन’ नावाची सोय आहे. उघडलेल्या फाइलच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत कोणी सेटिंग लिहून ठेवलं असेल तर व्हिम ते पाळतं. स्वतःच्या फाइलींसाठी सोयीचं. दुसऱ्याची फाइल उघडताना मात्र दार सताड उघडं. २०१९ मध्ये उघड झालं की हुशारीने लिहिलेली मोडलाइन संगणकावर हवा तो हुकूम चालवू शकते, फक्त फाइल उघडण्याचा अवकाश. भोक बुजवलं गेलं. डेबियन लिनक्समध्ये ही सोय आधीपासूनच बंद करून दिलेली असते. इतरत्र असाल तर ‘सेट नोमोडलाइन’ ही ओळ आजच लिहा.

प, र, क, त

आता आपल्या घरचा प्रश्न. कीबोर्डच्या इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत मराठी लिहिता लिहिता एस्केप दाबलं आणि खाली जायला ‘जे’ दाबलं, तर व्हिमला ‘जे’ मिळतच नाही. त्या बटणावर ‘र’ आहे. व्हिम गप्प. फाइल जतन करायला कोलन आणि डब्ल्यू दाबावं आणि एस्केप दाबायला विसरलेलं असावं, तर मजकुरात ‘छै’ उमटतं. दर वाक्याला भाषा बदलत बसणं हा एक मार्ग. दुसरा ‘लँगमॅप’. ग्रीक, रशियन लोकांची हीच अडचण, म्हणून हे सेटिंग केलेलं आहे. डिफॉल्ट रिकामं असतं. त्यात मी पाच जोड्या भरल्या: प म्हणजे एच, र म्हणजे जे, क म्हणजे के, त म्हणजे एल, आणि ग म्हणजे आय, पुन्हा लिहायला लागण्यासाठी. तेव्हापासून माझ्या व्हिममध्ये कर्सर मराठीत चालतो. प डावीकडे, र खाली, क वर, त उजवीकडे. दोन दिवसांत बोटांना सवय झाली, कारण बोटांसाठी काहीच बदललेलं नव्हतं.

ईमॅक्समध्ये ही व्यवस्था अंगचीच आहे. त्याच्या पोटात ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ आणि ‘देवनागरी-आयट्रान्स’ दोन्ही आहेत. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की देवनागरी चालू, पुन्हा दाबली की बंद. हुकूम मात्र रोमनमध्येच राहतात.

दुसरी अडचण बारीक, पण रोजची. ‘कवि’ लिहिलं, ‘कवी’ हवं होतं. बॅकस्पेस दाबला की व्हिम नुसती वेलांटी काढत नाही, ‘व’सुद्धा घेऊन जातं. संगणकाच्या लेखी ‘व’ आणि ‘ि’ हे दोन वेगळे संकेत आहेत, पण व्हिम मात्रेला अक्षराला चिकटलेली समजतं आणि दोन्ही एकदम पुसतं. त्यासाठी एक ओळ आहे, ‘सेट डेलकंबाइन’. ती लिहिली की बॅकस्पेस फक्त वेलांटी काढतो, ‘व’ जागेवर राहतो, दुसरी वेलांटी द्या आणि पुढे चला. ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या करताना हा फरक किती जाणवतो ते मुद्रितं तपासणाऱ्या कोणालाही सांगायला नको. जाता जाता कुठल्याही अक्षरावर कर्सर ठेवून ‘जी’ आणि ‘८’ दाबून बघा. ‘क’ असेल तर तीन आकडे दिसतील. यूटीएफ-८ मध्ये एक ‘क’ साठवायला तीन बाइट लागतात.

ईमॅक्सची दिवाळखोरी

ईमॅक्स जन्मालाच आलं सेटिंगांच्या बेबंदशाहीतून. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये ‘टेको’ हा एडिटर प्रत्येक जण आपापल्या मॅक्रोंनी, म्हणजे हुकुमांच्या तयार मालिकांनी, सजवायचा, इतका की एकाचा टेको दुसऱ्याला चालवता येईना. १९७६ मध्ये गाय स्टील आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या मॅक्रोंना एका दावणीला बांधलं. पण मोकळीक गेली नाही. वर्षानुवर्षं ओळी जोडत जोडत सेटिंग फाइल इतकी फुगते की मालकालाच कळेनासं होतं. मग तो सगळी टाकून कोऱ्या फाइलने सुरुवात करतो. ईमॅक्सवाले याला ‘दिवाळखोरी जाहीर करणं’ म्हणतात. मला भावतं ते ईमॅक्सचं एक वेगळं डिफॉल्ट: गोंधळात टाकणारे काही हुकूम कुलूपबंद असतात. निवडलेला सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत करणारा हुकूम पहिल्यांदा दिलात की ईमॅक्स थांबतं, हा काय करतो ते समजावतं आणि विचारतं, कायमचा उघडू का? हो म्हटलंत तर ती नोंद तुमच्या फाइलमध्ये स्वतः लिहितं.

युगांडाची ओळ

व्हिममध्ये कोलन देऊन ‘स्माइल’ लिहा, अक्षरांचा हसरा चेहरा येतो. ‘हेल्प ४२’ विचारा, लेखक डग्लस ॲडम्सची आठवण निघते. ‘हेल्प’ला उद्गारचिन्ह जोडा, व्हिम सांगतं, घाबरू नका. हे सगळं ब्राम मूलेनार यांच्या स्वभावातलं. हॉलंडच्या या माणसाने १९८८ मध्ये आपल्या अमिगा संगणकासाठी व्हिमचं काम सुरू केलं, १९९१ मध्ये ते लोकांना दिलं आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन होईपर्यंत सांभाळलं. फाइलचं नाव न देता नुसतं व्हिम उघडलं की पडद्याच्या मधोमध काही ओळी दिसतात. त्यात वर्षानुवर्षं एक विनंती असायची: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मूलेनार १९९४ मध्ये तिथल्या किबाले गावी काम करून आले होते. व्हिम फुकट वापरा, आवडलं तर त्या मुलांसाठी पैसे पाठवा, एवढीच त्यांची अपेक्षा.

तो स्वागताचा मजकूर लपवायचं सेटिंगही आहे: ‘शॉर्टमेस’मध्ये मोठा ‘आय’ जोडायचा. अनेकांच्या फाइलींत ती ओळ दिसते. माझ्या फाइलमध्ये नाही.